जिप्सम टाकूनही रानात मीठ परत का फुटतं?

तक्रार ठरलेली असते. "तीन वर्षांमागं एकरी दोन टन जिप्सम टाकलं, ताग गाडला, उसाची लागण झकास आली. तोडणीनंतर खोडातून फुटलेल्या खोडव्याला डाग दिसायला लागले. आता निम्म्या सऱ्यांत उगवणच नाही आणि उन्हाळ्यात रान पांढरंफट्ट." बोलणारा शिरोळचा असेल, मिरज-वाळव्याचा असेल, नाहीतर नीरेच्या पाटावरचा, बारामती-माळशिरसचा. पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: "आता किती टाकू? तीन टन?"

जिप्सम म्हणजे कॅल्शियमची भुकटी, त्यातला कॅल्शियम मातीला चिकटलेल्या सोडियमची जागा घेतो. त्याच्या आकड्याकडं आपण येऊ, पण शेवटी. मीठ परत आलं असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक रानांत ते गेलेलंच नसतं. पावसाळ्यात हात-दीड हात खाली सरकलेलं असतं आणि उन्हाळ्यात वर येतं. खालचं पाणी रानाबाहेर जायला वाट नसेल, तर वरून काहीही ओता, दोन-तीन वर्षांचीच सोय होते. म्हणून तपास खालून वर करायचा. आधी पाण्याची पातळी, मग पाण्याची वाट, मग माती, मग पोती. दुकानात जाऊन सुरुवात केली की हा क्रम नेमका उलटा होतो.

आधी दुखणं मिठाचंच आहे ना, ते बघा

उसात डाग पडला की सगळे "क्षार आलेत" म्हणून मोकळे होतात. डागाची आणखी तीन कारणं हमखास सापडतात, आणि त्यांचा इलाज वेगळा आहे.

पहिली हुमणी. पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, वाळायला लागलेलं बेट धरून ओढा. हुमणी असेल तर ते अलगद हातात येतं, मुळ्या कुरतडलेल्या असतात आणि खालची माती उकरली की पांढरी अळी वेटोळं करून पडलेली दिसते. मिठाच्या डागातलं बेट जागेवर घट्ट असतं. त्याच्या पानांची टोकं आणि कडा करपलेल्या असतात. रान पायाला ओलं लागतं, पण ऊस दुपारी पाणी तुटल्यासारखा मान टाकतो. पाणी मातीत असतं, पण खारटपणामुळं मुळीला ते ओढून घेता येत नाही.

दुसरा घट्ट थर. वर्षानुवर्षं एकाच खोलीला फिरलेला रोटाव्हेटर आणि तोडणीच्या वेळी ओल्या रानातून गेलेल्या भरलेल्या ट्रॉल्या, यांनी फूट-दीड फुटावर दाबलेला पट्टा तयार होतो. वाफशावर, म्हणजे ना चिखल ना कोरडं असलेल्या रानात लोखंडी सळई हातानं दाबत न्या. एका ठिकाणी अडली आणि जोर लावून तो पट्टा ओलांडल्यावर पुन्हा सहज गेली, तर थर आहे. तिथं पाणी साचतं, ऊस पिवळा पडतो, पण माती तपासली तर आकडे ठीक येतात. असं असेल तर उन्हाळ्यात कोरड्या रानात सबसॉयलर, म्हणजे खालचा थर फोडणारं अवजार, मारा, जिप्समवर पैसे घालू नका. चोपण, म्हणजे सोडियमनं बिघडलेल्या रानात मात्र नुसता सबसॉयलर मारला तर पहिल्या दोन पाण्यांत चिरा पुन्हा मिटतात, हेही ध्यानात असू द्या.

तिसरा केवडा. कोवळी पानं पांढरट-पिवळी आणि शिरा हिरव्या, असं दिसलं तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या रानात हे नेहमीचं आहे. क्षार नसतानाही होतं, आणि क्षारांसोबतही होतं.

खारवट आणि चोपण एकच नव्हे

मीठ आहे हे पक्कं झालं की कुठलं मीठ, हा प्रश्न येतो. इथं गल्लत झाली की पुढचं सगळं चुकतं.

खारवट म्हणजे क्षारयुक्त रानात विरघळणारे क्षार जास्त असतात. उन्हाळ्यात पांढरा फुफाटा दिसतो, पायाखाली माती भुसभुशीत लागते. अशा रानातून पाणी बऱ्यापैकी मुरतं. चोपण रानात सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसलेला असतो. असं रान वाळलं की टणक, ओलं झालं की साबणासारखं गुळगुळीत. पाणी दिवसेंदिवस वर उभं राहतं, आणि ते आटल्यावर काळपट चकचकीत पापुद्रा उरतो, कारण मातीतला कुजलेला सेंद्रिय भाग सुटून वर आलेला असतो. आपल्याकडच्या खोल काळ्या रानांत बऱ्याचदा दोन्ही एकत्र असतं, आणि ते सगळ्यात फसवं.

प्रयोगशाळेच्या आधी घरी एक चाचणी होते. काचेचा ग्लास घ्या, त्यात पावसाचं किंवा बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी भरा. विहिरीचं चालणार नाही, त्यातले क्षार निकाल बिघडवतात. डागातल्या वाळलेल्या मातीचा वाटाण्याएवढा खडा अलगद तळाशी सोडा आणि ग्लास हलवू नका. चांगल्या रानाचा खडा फुटून ढीग होतो, पण वरचं पाणी नितळ राहतं. चोपण रानाच्या खड्याभोवती काही वेळात दुधट धूर पसरायला लागतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तरी पाणी गढूळच असतं. सोडियममुळं मातीचे बारीक कण एकमेकांना सोडतात, तो हा गढूळपणा. रानात हेच कण छिद्रांत जाऊन बसतात आणि पाणी मुरायचं थांबतं. शेजारच्या चांगल्या तुकड्यातला एक खडा दुसऱ्या ग्लासात टाकला तर फरक नजरेला लगेच कळतो. फक्त एक मेख आहे: माती खारवट आणि चोपण दोन्ही असेल, तर जास्तीच्या क्षारांमुळं पाणी नितळ राहू शकतं. म्हणून ग्लास नितळ दिसला तरी तपासणी सोडायची नाही.

तपासणीला माती द्यायची ती एप्रिल-मेमध्ये, क्षार वर आलेले असताना. डागातली वेगळी, चांगल्या भागातली वेगळी. नेहमीसारखी फक्त वरची वीतभर माती नको. एक फूट, दोन फूट, तीन फूट असे तीन थर वेगवेगळ्या पिशव्यांत. वरच्या थरात आकडा जास्त आणि खाली कमी होत गेला, तर क्षार वर चढताहेत. खाली जास्त असेल तर निदान धुपून खाली तरी चाललेत. या एका गोष्टीवर पुढचा निम्मा निर्णय ठरतो आणि एका थराच्या नमुन्यात ती दिसतच नाही.

मृद आरोग्य पत्रिका असेल तर काढून बघा. २०१५ पासून मिळणाऱ्या या पत्रिकेत बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं, सामू म्हणजे पीएच, क्षारता म्हणजे ईसी आणि सेंद्रिय कर्ब. सोडियम त्यात नाही. म्हणजे चोपणीचं निदान ज्याच्यावर होतं तोच आकडा नाही. प्रयोगशाळेत "विनिमययोग्य सोडियमचं (म्हणजे कणांना चिकटलेल्या सोडियमचं) प्रमाण, जिप्समची गरज आणि मुक्त चुना" असं वेगळं सांगून मागावं लागतं. मागितलं नाही तर मिळत नाही.

आता आकडे. पुस्तकी सीमा अशी: ईसी ४ डेसिसायमनच्या वर, सामू साडेआठच्या खाली आणि सोडियम १५ टक्क्यांच्या खाली असेल तर खारवट. ईसी ४ च्या खाली, सामू साडेआठच्या वर आणि सोडियम १५ टक्क्यांच्या वर, तर चोपण. ईसीही ४ च्या वर आणि सोडियमही १५ च्या वर, तर दोन्ही. पण हा ४ चा आकडा संपृक्त, म्हणजे पाण्यानं पुरती भिजवलेल्या मातीतून काढलेल्या अर्काचा आहे. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी असं मिश्रण करून मोजतात. पाणी जास्त, म्हणून आकडा बराच कमी येतो. त्या पद्धतीत १ च्या आत ठीक, १ ते २ मध्ये उगवणीला त्रास, २ ते ३ मध्ये नाजूक पिकांच्या वाढीला मार, ३ च्या वर बहुतेक पिकांना घातक. अहवालात १.८ बघून "चारच्या आत आहे, रान चांगलं आहे" असं म्हणत घरी गेलेले बरेच लोक आहेत. अहवाल हातात आला की पहिला प्रश्न हाच विचारा: कोणत्या पद्धतीनं मोजलंय?

ऊस तसा नाजूकच. संपृक्त अर्काची ईसी १.७ च्या पुढं गेली की दर एका डेसिसायमनला उत्पन्न सुमारे ६ टक्क्यांनी घटत जातं. म्हणजे ईसी ६ ला साधारण चौथा हिस्सा गेला. त्याच रानात गहू अजून तग धरून असतो. कापूस तर जवळपास ८ पर्यंत तक्रार करत नाही.

एवढं मीठ येतं कुठून

रासायनिक खतांनी आलं, असं सर्रास म्हणतात. खतांचा वाटा आहे, पण मोठा हिस्सा पाण्यातून येतो, आणि हे कागदावर मांडून बघण्यासारखं आहे. एका एकराला आठ सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे साधारण सव्वातीन लाख लिटर पाणी. नदीच्या पाण्याची ईसी ०.४ धरली तर एका लिटरमध्ये पाव ग्रॅमच्या आसपास क्षार असतात. म्हणजे एका पाळीला ऐंशी किलो. वर्षाला पंचवीस पाळ्या, म्हणजे दोन टन. आणि हे चांगलं पाणी. दीड ईसीचं विहिरीचं पाणी असेल तर एकेका पाळीला तीनशे किलोंच्या वर. ऊस पाणी पितो, त्यातलं मीठ जवळपास सगळं मागं ठेवतो. काही भाग चुना होऊन बसतो, बाकीचं रानात फिरत राहतं.

त्यात आपली काळी माती बेसॉल्टची. बेसॉल्ट झिजताना कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम सगळंच सुटतं. चिकण मातीचं प्रमाण जास्त, ओली झाली की फुगते, छिद्रं मिटतात, पाणी खाली सरकायला फार वेळ लागतो. अशा मातीत पाण्याची पातळी चार-पाच फुटांच्या आत आली की वातीतून तेल चढावं तसं पाणी वर चढतं, पृष्ठभागावर उडून जातं आणि क्षार तिथंच राहतात.

पातळी वर येण्याचं कारण दर गावात थोडं वेगळं असतं. कुठं वरच्या माळावर उपसा योजनेचं पाणी आलं आणि ते झिरपून खालच्या मळ्यांत उतरलं. कुठं कालव्याची गळती. कुठं कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यानं नदी वर्षभर तुडुंब, त्यामुळं रानातलं पाणी नदीकडं ओढलंच जात नाही. आणि जवळपास सगळीकडं ओढे बुजलेले. जुन्या नकाशात जो ओढा वीस फूट रुंद दिसतो, तो आज दोन्ही बांधांनी आत येत येत सरीएवढा उरलाय, नाहीतर थेट उसाखाली गेलाय.

हे दुखणं आजकालचं नाही. नीरेचा डावा कालवा १८८० च्या दशकात सुरू झाला आणि पंचवीस-तीस वर्षांत तिथली रानं खारवायला लागली. पुण्याच्या शेतकी कॉलेजातले हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास छापला. १९१६ साली मुंबई सरकारनं सिंचनाच्या प्रश्नांसाठी खास कक्ष उभा केला, त्यातूनच पुढं खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आली. म्हणजे पाणी आणताना बाहेर काढायची सोयही करावी लागते, हे शंभर वर्षांपूर्वी कळलेलं होतं. नंतरच्या उपसा योजनांत मोटार, पाइप आणि वीज सगळ्यांचा हिशेब झाला, निचऱ्याचा हिशेब क्वचितच झाला.

खड्डा मारा, पाणी मोजा

हे काम कुठल्याही खतापेक्षा स्वस्त आहे आणि तरी कुणी करत नाही. डागात एक आणि चांगल्या भागात एक, असे सहा-सात फूट खोल भोक पाडून घ्या. साध्या हाताच्या गिरमिटानं होतं. त्यात दोन इंची पीव्हीसी पाइप सोडा, खालच्या निम्म्या भागाला बारीक भोकं पाडून त्यावर जाळी गुंडाळा, भोवती वाळू भरा, वरचा भाग मातीनं नीट ठोकून घ्या. नाहीतर सरीचं पाणी बाहेरून खाली उतरेल आणि खोटा आकडा देईल. तोंडाला टोपण लावा. चिकण रानात पाणी पाइपात यायला वेळ लागतो, पहिले दोन-तीन दिवस त्यावर विश्वास ठेवू नका. मग दर पंधरवड्याला काठी बुडवून मोजायचं, वहीत लिहायचं. पाणी पाजायच्या आधी एकदा आणि पाजल्यावर दोन-तीन दिवसांनी एकदा मोजलं तर आणखी बरं.

वर्षभराची वही बोलते. पातळी कायम पाच-सहा फुटांच्या खाली आणि तरी मीठ फुटतंय, तर दोष पाण्याच्या दर्जात किंवा मातीच्या चोपणीत शोधायचा. पाजलं की पातळी वर आणि पंधरा दिवसांत पुन्हा खाली, तर रानाला निचरा आहे, आपलं पाजणं जास्त होतंय. पाणी न पाजताही पातळी वरच, आणि कालव्याची पाळी सुटली किंवा वरच्या शेतकऱ्याची मोटार चालू झाली की आणखी वर, तर पाणी तुमचं नव्हेच. तिथं रानाच्या वरच्या अंगाला, पाणी येतं त्या बाजूनं, आडवा खोल चर काढून ते बांधावरच अडवून ओढ्याकडं वळवावं लागतं. आत कितीही जिप्सम टाकलं तरी वरचं झिरपणं थांबत नाही.

पाइपातलं पाणी बाटलीत भरून त्याचीही ईसी काढा. विहिरीच्या, नदीच्या आणि या पाण्याचे आकडे शेजारी लिहिले की मीठ कुठं साठलंय ते कळतं. सिंचनाच्या पाण्याची ईसी ०.७५ पर्यंत असेल तर फार काळजी नाही, २.२५ च्या पुढं ते पाणी चिकण रानाला देऊच नये. सोबत आरएससी, म्हणजे पाण्यातला शिल्लक सोडियम कार्बोनेट, मागून घ्या. १.२५ पर्यंत ठीक, अडीचच्या पुढं ते पाणी रान चोपण करणारच.

पाण्याला वाट

पातळी चार फुटांच्या आत राहत असेल तर निचऱ्याशिवाय उपाय नाही. उघडे चर स्वस्त, पण जागा खातात आणि दर वर्षी साफ करावे लागतात. दोन वर्षं कंटाळा केला की लव्हाळ्यानं भरतात. जमिनीखालून सच्छिद्र नळ्या टाकायची पद्धत आता कृष्णाकाठी चांगली रुळली आहे. शिरोळ तालुक्यात दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं शेतकरी एकत्र येऊन मोठं क्षेत्र असं सुधारलं गेलं. खोल काळ्या रानात साधारण सव्वा मीटर खोल आणि दोन नळ्यांत वीस ते तीस मीटर अंतर ठेवतात. ऐंशी मिलिमीटरची पन्हाळीदार नळी, भोवती गाळणीचं कापड, उतार शंभर फुटांना दीड-दोन इंच. नळ्या मुख्य पाइपात, मुख्य पाइप ओढ्यात. खोली आणि अंतर प्रत्येक रानाच्या मातीवर ठरतं, शेजाऱ्याचा आराखडा उचलू नका. सर्वेक्षण करूनच घ्या.

नळ्या टाकल्या आणि तरी मीठ परत आलं, अशीही तक्रार येते. तेव्हा आधी शेवटच्या तोंडाशी जा. तोंड ओढ्याच्या पाण्याखाली असेल तर नळी उलटी भरते, काम करत नाही. उन्हाळ्यात ओल टिकावी म्हणून कुणीतरी तोंडाला गोणपाटाचा बोळा मारलेला असतो आणि पावसाळ्यात काढायचा राहून जातो, हा प्रकार फार दिसतो. मग नळ्या जिथं जोडल्यात तो चेंबर उघडा. तळाशी गाळ नळीच्या तोंडापर्यंत आला असेल तर उपसा. पावसाळ्यात एका नळीतून पाणी येतंय आणि शेजारची कोरडी, तर कोरडीत गाळ किंवा झाडाची मुळी आहे. नळीच्या मार्गावर बाभूळ नाहीतर निलगिरी आहे का ते बघा. खालून वर, दाबाच्या पाण्यानं नळी धुवून घेता येते. महापुरानंतर हे सगळं पुन्हा एकदा तपासावं लागतं, कारण पुरात चेंबर गाळानं भरून जातात.

गावातली अडचण तांत्रिक नसते. पाणी खालच्या शेतकऱ्याच्या बांधातून जातं, आणि तो म्हणतो, "तुझं मीठ माझ्या रानातून का नेऊ?" त्याचं म्हणणं चूक नाही. म्हणून एकट्यानं दोन एकरांत नळ्या टाकून भागत नाही, ओढ्यापर्यंतचा सगळा पट्टा एका आराखड्यात यावा लागतो. मुख्य पाइपाचा खर्च वाटून, देखभालीला दर वर्षी थोडे पैसे काढून आणि चेंबर कोण साफ करणार हे आधी लिहून ठेवून. माझ्या बघण्यात जिथं हे लिहून ठेवलेलं नाही तिथं पाच वर्षांत नळ्या मुक्या झाल्यात.

आता जिप्सम

निव्वळ खारवट रान असेल तर जिप्समची गरजच नाही. वाट केली आणि चांगलं पाणी भरपूर सोडलं की क्षार धुतले जातात. ढोबळ हिशेब असा, की फूटभर मातीतून फूटभर पाणी आरपार गेलं तर तिथले बरेचसे, साधारण चार-पंचमांश क्षार निघून जातात. चिरा पडलेल्या काळ्या रानात एकदम भरपूर पाणी सोडलं तर ते चिरांतून सरळ खाली पळतं, ढेकळांतलं मीठ तसंच राहतं. थोडं भरायचं, मुरू द्यायचं, पुन्हा भरायचं.

रान खारवट आणि चोपण दोन्ही असेल तर मात्र आधी जिप्सम, मग धुणं. हा क्रम उलटला की मोठं नुकसान होतं. विरघळणारे क्षार धुपून जातात, कणांना चिकटलेला सोडियम तसाच राहतो, आणि आतापर्यंत क्षारांमुळं बांधून राहिलेली माती एकदम विस्कटते. "धुतल्यावर रान दगड झालं" म्हणतात ते हेच.

मात्रा अहवालातल्या जिप्समच्या गरजेवरून घ्यायची, आणि सगळी एका वर्षात नाही. पहिल्या वर्षी अर्धी पुरे. बारीक भुकटी, सगळीकडं सारखी, वरच्या वीतभर मातीत मिसळून. खोल नांगरून गाडू नका. आणि त्याला पाणी लागतं. एका लिटरमध्ये जिप्सम जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतं. एक टन विरघळायला चार लाख लिटर पाणी हवं, म्हणजे एकरभर रानात चार इंच. मे अखेर टाकून वरून नुसती लागणीची तयारी केली, तर पांढरे खडे पुढच्या उन्हाळ्यात नांगराला सापडतात. पावसाळ्यात बांध बंदिस्त करून पाणी रानातच मुरवायचं, खाली नळ्या चालू ठेवून.

चुनखडीच्या रानात जिप्समऐवजी गंधक चालतं. जीवाणू त्याचं आम्ल करतात, आम्ल मातीतल्याच चुन्याशी मिळून जिप्सम तयार करतं. एक टन जिप्समच्या जागी सुमारे १९० किलो गंधक पुरतं. पण जीवाणूंना ओल आणि हवा दोन्ही लागतात, पाणथळ रानात ते पडून राहतं. मातीवर पातळ आम्ल टाकून फसफसलं नाही, म्हणजे चुना नाही, तर गंधकाच्या वाटेला जाऊ नका.

हिरवळीला ताग नको, धैंचा घ्या. ताग चांगल्या रानाचं पीक आहे, चोपणीत आणि पाणथळीत तो उगवतच नाही. धैंचा तिथं उभा राहतो. फुलावर यायच्या सुमाराला, साधारण पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी गाडायचा.

दोन वर्षांनी पुन्हा हाच प्रश्न येऊ नये म्हणून

पाजणं कमी करा, हे सगळेच सांगतात. ठिबक केलं की पाणी आणि त्याच्यासोबतचं मीठ दोन्ही कमी येतं, हे खरं. पण ठिबकमध्ये क्षार ओल्या पट्ट्याच्या कडेला साठतात. वळवाचा पहिला हलका पाऊस आला की तेच क्षार पुन्हा मुळाशी येतात. म्हणून पाऊस पडत असताना ठिबक बंद करू नका, चालू ठेवा. ऐकायला विचित्र वाटतं, गडी हसतात, पण करा.

पाचट, म्हणजे तोडणीनंतर रानात उरलेला वाळला पाला, पेटवू नका. एकरी तीन-चार टन पाचट निघतं आणि ते रानावर अंथरलेलं असलं की उन्हानं वर ओढलं जाणारं पाणी कमी होतं, म्हणजे मीठही कमी चढतं. खोडव्यात एक टन पाचटाला आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारं जीवाणू खत, ही शिफारस जुनी आणि भरवशाची आहे. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली गेलेल्या रानात जिप्समचाही उपयोग टिकत नाही, कारण सोडियम निघाला तरी कणांना बांधून धरणारं काही उरलेलं नसतं.

खतांत डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट घ्या, त्यात जिप्सम असतंच. युरियाऐवजी जमेल तिथं अमोनियम सल्फेट, कारण सामू वर असलेल्या रानात वर फेकलेला युरिया अमोनिया होऊन उडून जातो.

वाण निवडताना को ८६०३२ चा हट्ट डागाच्या रानात सोडा. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचा फुले २६५ खारवट-चोपण रानात त्याच्यापेक्षा बराच तग धरतो. पण ऊस-खोडवा-ऊस हीच रांग लावली तर वाणही किती दिवस ओढणार? खोडव्यानंतर एक पावसाळा धैंचा, मग गहू, आणि मगच लागण. साखर कारखान्याच्या नोंदीत एक वर्ष मागं पडतं, हे मान्य. पण ज्या तुकड्यात एकरी पंधरा टन निघतंय तिथं एक वर्ष ऊस न लावण्यानं जातंय काय, याचा हिशेब बियाणं, डोस, पाणीपट्टी आणि तोडणीवाल्यांची खुशाली धरून एकदा मांडाच.

ओढा खरोखरच उरलेला नसेल, रान चारी बाजूंनी खोलगट असेल, तर मुख्य पाइप एका विहिरीत सोडून मोटारीनं उपसायचा पर्याय राहतो. विजेचं बिल कायमचं मागं लागतं आणि ते खारं पाणी नेऊन टाकायचं कुठं हा प्रश्न उरतोच. शेजाऱ्याच्या विहिरीजवळ टाकू नका. आणि तेही जमत नसेल तर त्या चार-सहा गुंठ्यांत ऊस लावू नका. धैंचा, नाहीतर गवत घ्या आणि जिप्समची पोती वरच्या चांगल्या अंगाला वापरा, तिथं सामू आत्ता कुठं आठच्या पुढं सरकतोय.